उतारशाळेचा मालक



गेल्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला निघालो होतो. एका घरी आजींसोबत प्रार्थना आटोपली, मी उठलो, तेवढ्यात आशाताई आल्या. आजींचा चेहरा असा खुलला की मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही येता नि पळता. ही बसते."

बाहेर ओटीवर त्यांचा मुलगा भेटला. मी आशाताईंचे कौतुक केले. तो म्हणाला, "फादर, तिला त्याचे पैसे मिळतात."

हे वाक्य काही मनातून जाईना. पैसे घेऊन केलेली काळजी प्रेमापेक्षा हलकी असते काय?

सेमिनरीत आम्ही कांट शिकलो. त्याने एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो गिऱ्हाइकाला फसवीत नाही, पण ते धंदा टिकावा म्हणून. तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणाला नैतिक मोल नाही. मुलाचा युक्तिवाद हाच. परंतु आशाताईंना पैसे कशाचे मिळतात, हे त्याने पाहिलेले नाही. 2005 साली ही योजना सुरू झाली तेव्हापासून कामागणिक मोबदला ठरलेला आहे. साठीच्या वरच्या माणसाचा फॉर्म भरताना त्या विचारतात: चालताना तोल जातो का, कपडे घालायला मदत लागते का, घरचा पत्ता विसरता का, गेल्या दोन आठवड्यांत निराश वाटले का. फॉर्म भरला, काम झाले. "हो, निराश वाटते" असे उत्तर आल्यावर पुढचा अर्धा तास शेजारी बसून राहण्याचा मोबदला कोणत्याही तक्त्यात नाही. आजींनी हिशेबात धरला तो नेमका तो अर्धा तास.

पण येथे दुसरा एक धोका आहे. "किती ही सेवा!" असे म्हणून आपण तिला कमी पैशांत राबवून घेतो. सरकारदरबारी ती 'स्वयंसेविका'. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला आणि 2023 मध्ये महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संप करावा लागला. (देवळात झाडलोट करणाऱ्यांच्या पगाराचा विषय निघाला की आपल्या कौन्सिलमध्येही 'सेवा' हा शब्द फार लवकर येतो. त्यात मीही आलो.) पैसे घेतल्याने प्रेम खोटे होत नाही, तसे प्रेम आहे म्हणून पैसे बुडवायचे नसतात.

चांगल्या शोमरोनीचा दाखला आठवा. त्याने जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार दिले. त्या मालकावर मी इतक्या वर्षांत एकही प्रवचन केलेले नाही. त्याने पैसे घेतले आणि काळजी घेतली. प्रभूने त्याला नावे ठेवलेली नाहीत.

शोमरोनी मात्र दोन दिनार देऊन मोकळा झाला नाही. अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असे सांगून तो गेला. काळजी त्याने दुसऱ्यावर सोपवली, जबाबदारी स्वतःकडे ठेवली. ज्यांची मुले कॅनडात, आखातात किंवा मुंबईच्या लोकलमध्ये आहेत, त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पोट सर्वांनाच आहे. आईसाठी बाई ठेवण्यात पाप नाही. पण महिन्याचे पैसे पाठवले की आपला प्रश्न मिटला असे मानणारा मुलगा, आणि दहा मिनिटांत प्रसाद देऊन पुढच्या घरी धावणारा पाद्री, यांत मला फारसा फरक दिसत नाही. आजींनी तो फरक केलाच नाही.

पुढील महिन्यापासून आजाऱ्यांच्या भेटी शुक्रवार व शनिवार अशा दोन दिवसांत विभागल्या आहेत. कोणत्या वाडीत कधी येणार त्याची यादी ऑफिसबाहेर लावली आहे. ज्या घरी सकाळी आजी-आजोबा एकटेच असतात, त्या घरच्यांनी तसे कळवावे. तेथे मी शेवटी जाईन.

तुमचा,
फादर