संसारासह विद्या
१९३९ च्या उन्हाळ्यात हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू रॉप कॅनडाच्या उत्तरेतील निर्जन मॅकेंझी पर्वतराजीत वनस्पतिसंग्रहासाठी गेले, तेव्हा दगडफुलांच्या वर्गाचा व्यासंग असलेल्या त्यांच्या पत्नी ल्यूसी आणि मुलेही सोबत होती. त्याच सुमारास निजामाच्या मुलखात, आपल्याच आदिलाबादच्या सागवानी रानातील मारलवाईत, मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी गोंडांमध्ये राहत होते. त्या सहवासातूनच पुढे गोंडांसाठी शाळा निघाल्या आणि जमिनीचे पट्टे मिळाले.

विद्या ही एकाकी तपश्चर्या आणि संसार हा तिच्यातील व्यत्यय, असे मानणाऱ्या आपण तामसी गावच्या लोकांनी या जोडप्यांपासून धडा घेऊन रानात जाताना मुलांना बरोबर न्यावे, आणि झाडांची नावे त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांकडूनच शिकू द्यावीत.