अपराध कोणाचा?

भिलाईच्या सिविक सेंटरभोवतालच्या वसाहतीत क्वार्टरमागे परसबाग, तिच्या कोपऱ्यात खताचे पिंप. त्यात उरलासुरला भात-पोळी पडली की उंदीर येणारच. मग गृहस्थ रक्त गोठू न देणारे विष ठेवतो. उंदीर काही दिवस आतल्या रक्तस्रावाने झिजून मरतो. त्याला खाणारे घुबडही कधी त्याच विषाने मरते. १८९६ सालचा मुंबईचा प्लेग ज्या समाजाने भोगला, त्याला उंदीर जपा असे कोणी सांगणार नाही. (गणपतीच्या वाहनाचा दाखला येथे निरुपयोगी; पूजेने पिंजरे कधी थांबले नाहीत.) प्रश्न निराळा आहे. शिजलेले अन्न वगळले नाही, ओला कचरा पाल्याने झाकला नाही, पिंपाखाली बारीक जाळी घातली नाही. पान आपणच वाढले, आणि येणाऱ्याला चोर ठरवले. या गृहस्थाला विषाचा अधिकार कोठून प्राप्त झाला?