श्याओरन कोणाला म्हणावं?

‘लुन-यू’ या कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहाच्या तेराव्या प्रकरणातला एक प्रसंग मला अजून टोचतो. फान छ हा शिष्य कन्फ्यूशियसला म्हणतो, मला शेती शिकवा. त्यासाठी जुना शेतकरी माझ्याहून बरा, असं गुरू सांगतात. भाजीपाल्याचं विचारल्यावरही तेच उत्तर. फान छ बाहेर गेल्यावर गुरू मागे म्हणतात, हा श्याओरन आहे.

श्याओरन म्हणजे क्षुद्र मनाचा माणूस. मी शेतकऱ्याच्या घरात वाढले. पेरणी शिकावीशी वाटण्यात क्षुद्र काय? भाष्यकार सांभाळून घेतात: राज्य सांभाळायला निघालेल्याने नीती शिकावी, शेती करणारे लोक आपोआप येतील. मला हे पटत नाही. कन्फ्यूशियसच्या आधी श्याओरन म्हणजे खालच्या थरातली रयत आणि च्युन्त्झ म्हणजे उमराव घराण्यातला पुरुष. त्याने हे दोन्ही शब्द जन्मापासून सोडवून आचरणाला जोडले, ही त्याची फार मोठी कामगिरी. पण फान छच्या वेळी जुनी उतरंड त्याच्या तोंडून बोलली, असं माझं मत आहे.

पुढे हा शब्द राजकारणात हत्यार झाला. 1044 साली चीनच्या दरबारातल्या सुधारणावाद्यांवर गटबाजीचा आरोप आला, तेव्हा त्यांच्यातल्याच ओउयांग श्यूने एका निबंधात सम्राटापुढे मांडलं की श्याओरन लाभापुरते जमतात आणि लाभ सरला की फुटतात. खरी मैत्री सज्जनांचीच. निबंध सुरेख आहे. पण विरोधकही तो जसाच्या तसा वापरू शकले असते, कारण आपण सज्जन आहोत हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवलेलं असतं.

या शब्दाचा खरा उपयोग मला 1181 साली दिसतो. लूशान पर्वताच्या पायथ्याशी, श्वेतमृग गुहा विद्यापीठात, चू शी या तत्त्वज्ञाने लू च्यूयुआन या दुसऱ्या तत्त्वज्ञाला व्याख्यानाला बोलावलं. तत्त्वज्ञानात दोघांचं पटत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी हंस सरोवराजवळच्या वादात ते उघडपणे भिडले होते. लूने विषय घेतला ‘लुन-यू’च्या चौथ्या प्रकरणातला: च्युन्त्झला उचित कळतं, श्याओरनला लाभ. समोर शासकीय परीक्षांची तयारी करणारे तरुण. लू म्हणाला, माणसाला काय कळतं ते त्याच्या सवयीवर ठरतं, आणि सवय ठरते मनातल्या ओढीवर. दिवसभर ऋषींचे ग्रंथ वाचायचे आणि डोळा पद, पगार यांवर ठेवायचा, तर ग्रंथ एकीकडे आणि मन भलतीकडेच.

शेती शिकू पाहणाऱ्या फान छला लावलेल्या निकषापेक्षा हा निकष कितीतरी न्याय्य आहे. इथे कोणाचा धंदा विचारला जात नाही, आणि ती ओढ बाहेरून कोणाला तपासताही येत नाही. ती ज्याची त्यालाच ठाऊक असते. म्हणून हा शब्द शेजाऱ्याला लावण्याचा अधिकार कोणालाच नाही, असं मी मानते.

लूचं ते व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. हवेत गारठा होता, तरी चू शीला घाम फुटला आणि तो पंख्याने वारा घेऊ लागला. इतक्या खोलवर आपण इथे कधी बोललो नाही, याची लाज वाटते, असं त्याने कबूल केलं. मग प्रतिपक्षाचं ते व्याख्यान त्याने लिहून मागितलं आणि दगडावर कोरवून घेतलं.