भगिनी कोणाला म्हणायचे?

इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतून जाताना गावच्या हॉलबाहेरच्या फलकावर ‘डब्ल्यूआय’ ही अक्षरे बहुतेकांनी पाहिली असतील. विमेन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडच्या महिला मंडळांची थोरली बहीणच म्हणा ना! १८९७ साली कॅनडात सुरू झालेली ही चळवळ १९१५ मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावर आली. लांबलचक नावाची पाटी बघायला पर्यटक जातात ना, त्याच गावात. महायुद्धाचे दिवस होते, धान्य-भाजीपाला पिकवायला आणि टिकवायला बायकांचे हात हवे होते. जॅम करणाऱ्या बायका म्हणून यांची थट्टा होते खरी, पण १९१८ च्या कायद्याने काही स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, त्याआधीच खेड्यातल्या बायका इथे आपली कमिटी आपण निवडत होत्या.

या संस्थेने गेली चाळीसहून अधिक वर्षे ट्रान्सजेंडर स्त्रियांना सभासद करून घेतले होते. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र तिने जाहीर केले की एप्रिल २०२६ पासून हे सभासदत्व बंद. कारण १६ एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. २०१० च्या समानता कायद्यातला ‘स्त्री’ हा शब्द जन्मजात, जैविक लिंगावरून ठरतो, असे पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितले. गर्ल गायडिंगनेही त्याच सुमारास असाच निर्णय घेतला. विशेष म्हणजे डब्ल्यूआयने ट्रान्सजेंडर स्त्रिया या स्त्रियाच आहेत असे आपण मानतो, हेही त्याच दमात सांगितले. मनाने हो आणि नियमाने नाही!

न्यायालयाची बाजू समजून घ्यायला हवी. कायद्याला एका शब्दाचा एकच अर्थ लागतो. अत्याचारातून सुटून आश्रयाला आलेल्या बाईला फक्त स्त्रियांमध्ये राहायचे असेल, तर तिच्या भीतीला प्रतिगामी म्हणून झटकणे मला पटत नाही. समलिंगी स्त्रियांच्या संघटनांना आपल्यात कोण असावे हे ठरवता यावे, याचाही निकालात विचार आहे. हा एका गटाचा दुसऱ्यावरचा विजय मानू नका, असे लॉर्ड हॉज यांनी निकाल देतानाच बजावले होते. ट्रान्सजेंडर व्यक्तींना भेदभावाविरुद्ध असलेले वेगळे संरक्षणही कायम आहे.

पण आश्रयगृह आणि केक-स्पर्धा एका मापाने मोजायची का? स्त्रियांच्या एखाद्या संस्थेला फक्त जन्माने स्त्री असलेल्यांनाच घ्यायचे असेल तर तिला ती मुभा आहे, आणि असावी. दुसऱ्या संस्थेला ट्रान्सजेंडर मैत्रिणींनाही घ्यायचे असेल, तर मात्र ती कायद्याच्या नजरेत केवळ स्त्रियांची राहत नाही; मग पुरुषांनाही दार उघडा म्हणावे लागते. माझा आक्षेप आहे तो इथे. कोणासोबत बसायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य दोन्ही प्रकारच्या मंडळांना हवे.

आमच्या संगणकाच्या धंद्यात एखाद्या रकान्याची व्याख्या बदलली की पहिला प्रश्न येतो, जुन्या नोंदींचे काय? इथल्या जुन्या नोंदी म्हणजे वर्षानुवर्षे चहाची भांडी विसळणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, सहलीला बरोबर आलेल्या बायका. नव्या अर्जदाराला नाही म्हणणे वेगळे आणि जिला इतकी वर्षे भगिनी म्हटले तिला एका तारखेपासून परकी ठरवणे वेगळे. दुसऱ्यात दिलेला शब्द मोडतो.

आपल्याला हे सारे अगदीच परके वाटू नये. हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचे, हा आपल्याकडचा जुना प्रश्न. विधवेला वगळायचे, हे कुठल्याही न्यायालयाने सांगितले नव्हते. कुंकवाचा करंडा हातात धरलेल्या बायकाच ते करत आल्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, मग राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आता कोणी म्हणेल, विधवेच्या स्त्रीत्वाबद्दल कधी शंका नव्हती, ही तुलना कशी चालेल? बरोबर आहे, ती पूर्ण लागू पडत नाही. पण एक फरक उलट्या बाजूनेही आहे. रूढी मोडायला एक धीट यजमानीण पुरते. तिने जाऊबाईंना हाताला धरून पाटावर बसवले की झाले. कायद्यापुढे डब्ल्यूआयच्या गावोगावच्या अध्यक्षीणबाईंना तेवढीही मोकळीक उरलेली नाही.

म्हणून संस्थेने ‘सिस्टरहुड’ गटांची तोड काढली आहे. महिन्यातून एकदा भरणारे, ट्रान्सजेंडर स्त्रियांसह सर्वांना खुले असे हे गट. याला पंगतीबाहेरचे वेगळे पान म्हणायचे की कायद्याच्या चौकटीत राहून पुढे केलेला हात, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही. ते हॉलमधल्या खुर्च्यांवरून ठरेल. जुन्या मैत्रिणी आपली नेहमीची सभा आटोपून या दुसऱ्या बैठकीलाही येतात का, की तिथे त्या दोघी-तिघीच एकमेकींकडे बघत बसतात?