सेवेची मर्यादा

आजाऱ्याची शुश्रूषा हा निरपवाद सद्गुण आहे, असे आम्हांला लहानपणापासून शिकविण्यात आले आणि आम्हीही ते निमूटपणे मान्य केले. परंतु सद्गुणालाही मर्यादा असते काय, आणि असल्यास ती कोणी आखावयाची, हा प्रश्न आमच्यापुढे आला तो कोणत्या ग्रंथातून नव्हे, तर दिल्लीतील आमच्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरातून.

२०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर, माळ्यावरचा चकल्यांचा सोऱ्या काढण्यासाठी आमची पत्नी स्टुलावर चढली, तोल जाऊन खाली आली आणि तिच्या उजव्या टाचेचे हाड मोडले. तो सोऱ्या काढून देण्याविषयी तिने आम्हांला लागोपाठ दोन रविवारी सांगितले होते. दोन्ही वेळा आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता 'काढतो' एवढेच म्हटले होते. ही गोष्ट वाचकांना आरंभीच सांगणे अवश्य आहे. कारण पुढे आम्ही जी सेवा केली, तिचे मूळ हिच्यात आहे.

मनुष्याच्या शरीरातील २०६ हाडांपैकी ५२ हाडे केवळ दोन पावलांत असतात, हे त्या निमित्ताने आम्हांला कळले. त्यांत टाचेचे हाड मोठे आणि भार वाहणारे. ते मोडले की कित्येक आठवडे पाऊल जमिनीवर टेकण्याची मनाई असते. केंद्र सरकारच्या नियमांत पत्नीच्या शुश्रूषेसाठी अशी निराळी रजा नाही. वर्षाच्या ८ नैमित्तिक रजा आणि शिल्लक अर्जित रजा यांवरच भागवावे लागते. आम्ही दोन्ही खर्ची घातल्या. पाणी, औषध, उशी, वर्तमानपत्र, जे जे लागेल ते तिने मागण्यापूर्वीच पुढे करू लागलो. शेजारणी आपापल्या यजमानांना आमचा दाखला देत, आणि ते ऐकून आम्हांला बरे वाटे, हे आम्ही लपवीत नाही. आमची पत्नी मात्र दिवसेंदिवस अबोल होत चालली.

पुढे फिजिओथेरपी सुरू झाली. जमिनीवर पसरलेला टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करावयाचा. वजनकाट्यावर पाऊल ठेवून त्यावरील भार हळूहळू वाढवीत न्यावयाचा. एके दिवशी तेथील बाईंनी विचारले, "घरी चहा करता येतो का?" आम्ही तत्परतेने उत्तरलो, "छे! आम्ही तिला ओट्यापाशी जाऊच देत नाही." बाई शांतपणे म्हणाल्या, "मी त्यांना विचारले."

त्याच आठवड्यात आम्ही कचेरीतून लवकर परतलो, तो ती वॉकरला टेकून ओट्यापाशी उभी होती आणि गॅसवर चहाचे आधण होते. आम्ही जवळजवळ ओरडलोच. तिने गॅस बारीक केला आणि म्हटले, "अहो, मला बरे व्हायचे आहे. तुम्हांला त्या सोऱ्याची भरपाई करायची आहे. तुमची भरपाई पुरी होईपर्यंत मी आजारीच राहू का?"

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. ऋणकोने आपल्या सोयीचे नाणे काढून धनकोच्या हातात कोंबावे, तसे आम्ही वागत होतो. एवढ्या आठवड्यांत आम्ही तिच्यासाठी सर्व काही केले होते. 'आमचे चुकले' एवढे मात्र म्हटले नव्हते. जे दोन शब्दांत द्यावयाचे होते, ते आम्ही श्रमांच्या रूपाने देत होतो, आणि त्या श्रमांच्या बळावर तिने केव्हा उठावे व केव्हा बसावे, हे ठरविण्याचा अधिकारही घेत होतो. सेवा सत्तेत रूपांतरित होते ती अशीच, कोणाच्याही लक्षात न येता.

यावर कोणी म्हणेल, ती पुन्हा पडली असती तर? शंका रास्त आहे. परंतु किती भार टाकावयाचा हे डॉक्टरांनी सांगितले होते आणि तिने ते आमच्याहून नीट ऐकले होते. उरली ती आमची भीती; आणि आपली भीती शमावी म्हणून दुसऱ्यास निजवून ठेवणे, याला शुश्रूषा म्हणता येणार नाही. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारताना बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांच्या हाती भिक्षा न ठेवता काम ठेवले. ही गोष्ट आम्ही अनेकदा कौतुकाने सांगितली आहे. स्वतःच्या ओट्यापाशी मात्र ती आम्हांला आठवली नाही. आपल्या विवाहविधीत वधूवर सात पावले बरोबर चालतात आणि सातवे पाऊल सख्याचे मानले जाते. त्यांत एकाने दुसऱ्यास उचलून नेण्याचा विधी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते दोन शब्द उच्चारले. ती म्हणाली, "बरे झाले. आता तेवढा सोऱ्या खाली काढून ठेवा."

आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, असा नियम तिला शिकविण्यात आला होता. ती कठडा धरून प्रथमच आपल्या बळावर उतरली, तेव्हा आम्ही तिच्या एक पायरी खाली होतो. हात पुढे होते, पण तिला लागलेले नव्हते. आमच्या आयुष्यातील इतके अवघड काम आम्ही क्वचितच केले असेल.