लळा आणि मालकी

भिवपुरी रोड स्थानकाच्या आसपास चुकलेली एखादी शेळी दारी येते. आपण तिला चारा घालतो, मुले नाव ठेवतात. काही महिन्यांनी मालक शोधत आला, तर लळ्यामुळे ती आपली ठरते काय?

हजरत जैद बिन खालिद (रजि.) यांच्या हदीसनुसार, हरवलेल्या शेळीविषयी विचारले असता प्रेषितांनी (स.) ती घेण्यास अनुमती दिली, अन्यथा लांडगा तिला खाईल. उंटाविषयी विचारताच मात्र ते संतापले. उंट स्वतः पाणी पितो, झाडपाला खातो; मालक येईपर्यंत तो तग धरतो. म्हणजे निकष आपल्या इच्छेचा नाही, त्या जिवाच्या असहायतेचा आहे. बहुसंख्य फकीहांच्या मते या अनुमतीने मालकाचा हक्क संपत नाही.

पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात मोकाट उंटांचीही दवंडी पिटून विक्री होई आणि किंमत मालकासाठी राखली जाई, असे इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त नमूद आहे. आपल्याकडे लांडग्याची जागा रेल्वेरुळांनी घेतली आहे. म्हणून आसरा द्यावाच. पण मालकाचा शोधही घ्यावा: बाजारात, स्थानकावर, मशिदीच्या आत नव्हे तर दाराबाहेर. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ नेही परक्याची वस्तू सापडलेल्यावर तिच्या सांभाळाची जबाबदारी टाकली आहे.

लळा खरा असतो, तरी तो हक्क देत नाही. शेळी परत जाताना मुलांचे डोळे भरून येतील. अमानत म्हणजे काय, हे त्यांना तेव्हाच समजावून सांगावे.