पट्टा, पोरगी आणि तेरा तास

सातवी-आठवीतल्या मुलीची पाठ कुणी बघत नाही. वयात येऊ लागलेली पोरगी आईसमोरही अंग झाकून घेते. म्हणून हिंगोली जिल्ह्यातलं सेनगाव असो की कळमनुरी, पाठीचा कणा वाकतोय ही बातमी बहुधा शिंप्याकडून कळते. माप घेताना एक खांदा खाली दिसतो, कुर्ता एका बाजूला ओढला जातो. मग घरात दप्तराला दोष दिला जातो, "सरळ बसत जा" म्हणून पोरीला बोल लावले जातात. दोन्ही निराधार. या वयातल्या बहुतेक मुलांमध्ये कणा का वळतो, याचं कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. ओझं उचलल्यामुळे किंवा पोक काढून बसल्यामुळे हे होत नाही.

दहा अंशांहून जास्त बाक असला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. शंभरातल्या दोन-तीन किशोरवयीन मुलांत तो आढळतो. सौम्य बाक मुलगे आणि मुली दोघांतही दिसतो, पण वाढत जाऊन उपचारापर्यंत पोचणाऱ्यांत मुलीच कितीतरी जास्त असतात. पाळी सुरू होण्याच्या आगेमागे उंची झपाट्यानं वाढते, तेव्हाच बाकही वेग घेतो. तो साधारण 25 ते 40 अंशांदरम्यान असेल आणि वाढ शिल्लक असेल, तर डॉक्टर पट्टा सांगतात.

पट्टा म्हटलं की कंबरदुखीचा मऊ पट्टा डोळ्यांसमोर येतो. हा तसा नाही. 1940च्या दशकातला मिलवॉकी पट्टा तर कमरेपासून हनुवटीपर्यंत धातूच्या पट्ट्यांचा पिंजराच होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलेला बोस्टन पट्टा काखेखाली संपतो आणि कपड्यांखाली झाकता येतो. तरी ते कडक प्लास्टिकच. आत सुती बनियन घालूनही हिंगोलीच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडत असताना, ते अंगावर वागवणं सोपं नाही.

सोसायचं, तर त्याचा उपयोग होतो का? याचं ठोस उत्तर 2013 साली मिळालं. आयोवा विद्यापीठाचे स्टुअर्ट वाइनस्टीन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडातल्या 25 केंद्रांत अभ्यास झाला. पट्टा वापरणाऱ्यांपैकी 72 टक्के मुलांची वाढ बाक 50 अंशांवर न जाता पूर्ण झाली. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. पट्ट्यात तापमान टिपणारं यंत्र बसवलेलं असल्यानं तो खरोखर किती तास अंगावर होता, हेही कळलं. सरासरी 12.9 तासांहून जास्त घालणाऱ्यांत यश 90 टक्क्यांच्या पुढे गेलं. सहा तासांपर्यंतच घालणाऱ्यांचा निकाल मात्र पट्टा न घालणाऱ्यांपेक्षा फारसा वेगळा नव्हता.

म्हणजे तास हीच औषधाची मात्रा. आणि ती मात्रा कमी होते, त्यामागे उकाड्याइतकीच लाज असते. वर्गात बाकावर टेकताना होणारा टकटक आवाज, पाठीवर थाप मारणाऱ्या मैत्रिणीच्या हाताला लागलेलं प्लास्टिक, खाली पडलेलं पेन उचलताना होणारी अडचण, कबड्डीच्या तासाला काठावर बसणं. मिनेसोटातल्या किशोरवयीनांच्या 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत कणा वाकलेल्या मुलांमध्ये स्वतःच्या शरीराबद्दलची काळजी आणि सोबत्यांशी वागतानाचा अवघडलेपणा जास्त आढळला होता. उलट 2013च्या अभ्यासात पट्टा घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या मुलांच्या जीवनमानात लक्षणीय फरक दिसला नाही. पट्टा आला म्हणजे पोरगी खचणारच, असं नाही. भोवतालची माणसं कशी वागतात, यावर बरंच ठरतं.

हिंगोलीत ही माणसं लवकरच लग्नाचा विचार करू लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत इथल्या विशीतल्या तरुणींपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ज्या वर्षांत पट्टा घालायचा, त्याच वर्षांत पाहुण्यारावळ्यांत स्थळांची कुजबुज सुरू होते. कपड्यांखालचा बाक झाकता येतो. पट्टा घातला की चारचौघांत कळतं. मग "पाहुणे येऊन जाऊ देत, तोवर काढून ठेव" असा सल्ला मिळतो आणि घराची इज्जत राखायला पोरीचे उपचाराचे तास खर्ची पडतात. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या युजीनीवर बाराव्या वर्षी कण्याची शस्त्रक्रिया झाली होती. 2018 साली लग्नात तिनं मुद्दाम पाठीवरचा व्रण दिसेल असा पोशाख घातला. राजकन्येला ते परवडतं. वसमतच्या शेतमजुराच्या लेकीकडून तशा धाडसाची अपेक्षा करणं अन्यायाचं होईल.

तिला हवी आहे वाटाघाटीची जागा. संध्याकाळी सहाला घातलेला पट्टा सकाळी सातला काढला, तर तेरा तास भरतात आणि शाळेचा वेळ मोकळा राहतो. डॉक्टर अनेकदा अठरा तास सांगतात, आणि प्रत्येकीचा बाक वेगळा. त्यामुळे निर्णय त्यांच्या सल्ल्यानंच व्हावा. पण हा हिशोब पोरीसमोर मांडला, शाळेत घालायचा की नाही हे तिला विचारलं, तर घरच्यांचा हुकूम तिचा स्वतःचा बेत होऊ शकतो. पट्ट्याविनाही जवळपास निम्म्या मुलांचं निभावलं होतं, हेही तिला सांगायला हवं.

त्याआधी बाक वेळेत सापडायला हवा. पुढे वाकवून पाठ पाहण्याची तपासणी विल्यम अॅडम्स या इंग्रज शल्यविशारदाच्या नावानं ओळखली जाते. तिला मिनिटभर लागतं, यंत्र लागत नाही. सरसकट शालेय तपासणीच्या फायद्याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेच्या तज्ज्ञगटानं 2018 साली पुरावा अपुरा ठरवला. पण जिथं मुलीची पाठ एरवी कुणी पाहतच नाही, तिथं या तपासणीचं मोल वेगळं ठरतं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत जातात. 2024 साली हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळालं. पथकातल्या महिला डॉक्टरनं सहावी ते आठवीच्या मुलींना आडोशाला नेऊन एकेकीची पाठ पाहावी आणि शंका असेल तिला या महाविद्यालयात पाठवावं, एवढी सोय जिल्ह्याला नव्या इमारतीशिवाय करता येईल.